पेनटेस्टिंग शिकताना आधी नेटवर्किंग की थेट लॅब?

धरमपेठकर
नागपुरात बीसीए, बीई करता करता ‘एथिकल हॅकिंग’कडे, म्हणजे पेनटेस्टिंगकडे (मालकाच्या परवानगीने यंत्रणेत घुसून दोष शोधण्याकडे) वळणारी मुलं पहिल्याच आठवड्यात काली लिनक्स (हॅकिंगची टूल्स भरलेली ऑपरेटिंग सिस्टम) आणि मेटास्प्लॉइट (तयार हल्ले चालवणारं टूल) उघडून बसतात. माझं मत स्पष्ट आहे: पहिले चार महिने या दोन्हींना हात लावू नये. आधी टीसीपी-आयपी (नेटवर्कवरच्या संवादाचे नियम), लिनक्सची कमांड लाइन, एचटीटीपी (वेबपानं मागवण्याचे नियम), थोडं एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) आणि पायथन.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एका कॉम्प्युटरात आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) काली आणि मेटास्प्लॉइटेबल २ (सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन) ही दोन्ही मशीन साध्या नॅटवर (प्रत्येक मशीनला वेगळं बंद नेटवर्क देणारी सोय) ठेवली की दोघांनाही १०.०.२.१५ हाच पत्ता मिळतो, आणि ती एकमेकांना दिसत नाहीत. सबनेट (नेटवर्कचा एकमेकांना थेट दिसणारा तुकडा) म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, तो टूल बिघडलं समजून काली पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो.

मानेवाडा_रूट
भाऊ, दुखणं बरोबर सांगितलं, पण औषध पटलं नाही. चार महिने नुसते ओएसआयचे (नेटवर्क समजावणाऱ्या नमुन्याचे) सात थर पाठ करायला लावले तर मुलं तिथंच सोडून देऊन राहिली. तो नॅटचा घोळ हाच सबनेटचा पहिला धडा समजा ना!

८ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. कालीला २ जीबी, मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी. दोघांचं नेटवर्क होस्ट-ओन्ली (लॅपटॉपच्या आतच राहणारं) करा, पत्ते १९२.१६८.५६ ने सुरू होतील. मेटास्प्लॉइटेबल ब्रिज्ड मोडवर (थेट बाहेरच्या नेटवर्कवर) कधीच ठेवू नका: त्याचं लॉगिन जगजाहीर आहे, आणि हॉस्टेलच्या वायफायवरचा कोणीही त्यात शिरेल.

मग २१ नंबरच्या पोर्टवरचा (पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांकित दरवाजा) व्हीएसएफटीपीडी २.३.४ हा फाइली देणारा सर्व्हर घ्या. याच्या सोर्समध्ये २०११ साली कोणीतरी चोरवाट घुसवली होती. ती मेटास्प्लॉइटने नाही, हाताने उघडा. नेटकॅटने (पोर्टला थेट जोडणारं साधं टूल) २१ला जोडा, युजरनेमच्या शेवटी कोलन व बंद कंस असा हसरा चेहरा टाका, पासवर्ड काहीही द्या. दुसऱ्या टर्मिनलवरून ६२०० पोर्टला जोडा, ‘आयडी’ कमांड द्या. उत्तरात रूट (सर्वाधिकार असलेला युजर) दिसतो. हे सगळं होताना वायरशार्क (नेटवर्कवरची पाकिटं दाखवणारं टूल) चालू ठेवला की टीसीपीची जोडणी जुळवणारी सिन, सिन-ॲक, ॲक ही तिन्ही पाकिटं डोळ्यांसमोर जातात. पुस्तकातला हा हँडशेक असा लक्षात राहत नाही.

धरमपेठकर
प्रयोग छान आहे, पण २०११ची चोरवाट आज ग्राहकाकडे सापडत नाही. ओवास्प या वेब सुरक्षेच्या संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत पहिला क्रमांक तुटलेल्या ॲक्सेस कंट्रोलचा (कोणी काय बघावं यावरच्या बंधनाचा) आहे. वेबपानाच्या पत्त्यातला बिल क्रमांक १०४१चा १०४२ केला आणि दुसऱ्याचं बिल उघडलं, असला दोष. स्कॅनर (आपोआप दोष शोधणारं टूल) इथं बहुधा आंधळा असतो, कारण सर्व्हरने २०० हा ‘सगळं ठीक’चा कोड देऊन नीटच पान पाठवलेलं असतं. हे बिल कोणाचं, हे त्याला कसं कळणार? दोन वेगळी खाती उघडायची, एकाची कुकी (लॉगिनची ओळखखूण) दुसऱ्याच्या रिक्वेस्टला लावायची आणि उत्तरं ताडून पाहायची. सेशन (लॉगिन केल्यावर टिकणारी ओळख) म्हणजे काय हे माहीत नसलेल्याला हे सुचतच नाही.

लॅबमध्येही तेच. एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं टूल) काही पर्याय न देता चालवला तर नेहमीचे १००० टीसीपी पोर्टच बघतो. मेटास्प्लॉइटेबलवरचा डिस्टसीसी (कोड कंपाइल करण्याचं काम वाटून घेणारी सेवा) ३६३२ वर बसलेला असतो, तो या हजारात येत नाही. सगळे ६५५३५ तपासायला सांगावं लागतं. एवढा मोठा दरवाजा पाया कच्चा असल्यामुळे निसटतो.

मिहान_ऑडिट
दादा, तुम्ही दोघंही फक्त घुसण्याबद्दल बोलताय. ग्राहक पैसे देतो ते रिपोर्टचे. दोष कुठे, पुन्हा घडवून दाखवायच्या पायऱ्या, धंद्याला धोका काय, दुरुस्ती कशी, एवढं नीट लिहिता आलं पाहिजे. ओएससीपी या पेनटेस्टिंगच्या प्रात्यक्षिक प्रमाणपत्रात २३ तास ४५ मिनिटांच्या परीक्षेनंतर रिपोर्टसाठी आणखी २४ तास देतात, ते उगाच नाही. सीईएच या एथिकल हॅकिंगच्या प्रमाणपत्राची मुख्य परीक्षा १२५ बहुपर्यायी प्रश्न, ४ तास. नोकरीच्या अर्जाला तिचा उपयोग होतो, हाताला वळण मात्र लागत नाही.

आणि परवानगीचा विषय पहिल्याच दिवशी शिकवा. फुटाळ्याच्या कॅफेचं वायफाय किंवा कॉलेजचं पोर्टल ‘फक्त शिकायला’ तपासायचं नाही. मालकाच्या परवानगीशिवाय यंत्रणेत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं. तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लेखी परवानगीत आयपी पत्ते, तारखा, वेळ आणि काय करायचं नाही हे सगळं हवं.

मानेवाडा_रूट
ताई, परवानगीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. धरमपेठकर, सेशन-कुकीचंही मान्य, पण तेसुद्धा करूनच शिकता येतं: पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी ॲकॅडमी फुकट आहे आणि बर्पची (वेब रिक्वेस्ट अडवून बदलणारं टूल) फुकट कम्युनिटी आवृत्ती तिथल्या बऱ्याच लॅबना पुरते. फक्त इंट्रूडर (रिक्वेस्ट बदलून पुन्हा पुन्हा पाठवणारा भाग) त्यात मुद्दाम संथ ठेवलाय, म्हणून लांब पासवर्ड यादी तिथं चालवू नका, छोटी पायथन स्क्रिप्ट लिहा. तुमचं पायथन तिथंच येऊन जाईल. चार महिने थांबायची गरज मला अजूनही दिसत नाही.

धरमपेठकर
ॲकॅडमीला हरकत नाही. चारऐवजी दोन महिने म्हणतो. पण एसक्यूएलची जॉइन क्वेरी (दोन तक्ते जोडून माहिती काढणारी) स्वतः लिहिता येईपर्यंत एसक्यूएलमॅपला (डेटाबेसवर आपोआप हल्ला करणाऱ्या टूलला) हात नाही, ही अट कायम.