डेटाबेसवर लोड आला की काट्याचा सर्व्हर अडकतो

प्रश्न : काटाघर_राळेगाव

राळेगाव तालुक्यातल्या जिनिंगचा सर्व्हर आहे. काटापट्टी, कापूस खरेदी, गाठींच्या नोंदी, सगळं एकाच पोस्टग्रेस १५ डेटाबेसमध्ये. डेबियन १२, रॅम ३२ जीबी, ७२०० आरपीएमच्या दोन साटा डिस्क, बीटीआरएफएस फाइलसिस्टिमचं रेड-१ (दोन्ही डिस्कवर तीच प्रत). दर तासाला पूर्ण सिस्टिमचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) होतो, कोटाही (कोण किती जागा खातो त्याचा हिशोब) चालू आहे. दुपारी गाड्यांची रांग लागली की बरोबर तासाच्या ठोक्याला सगळं थांबतं. पिंगला उत्तर येतं, पण एसएसएच लॉगिन होत नाही. लोड ६० च्या वर, सीपीयू मात्र रिकामा. शेवटी बटण दाबून बंद करतो. परत सुरू केल्यावर लॉगमध्ये काहीच नसतं. मेमटेस्ट (रॅमची तपासणी) स्वच्छ आहे. काटा थांबला की शेतकरी बंड्या घेऊन उन्हात ताटकळतात, म्हणून लवकर सांगा.

उत्तर : कर्नलवाला

भाऊ, हा क्रॅश नाही, अडकणं आहे. पिंगला कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः उत्तर देतो, त्याला डिस्क लागत नाही, लॉगिनला लागते. लिनक्सच्या लोडमध्ये डिस्कची वाट पाहत डी-स्टेटमध्ये बसलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. लॉग कोरा राहतो, कारण तो त्याच अडकलेल्या फाइलसिस्टिमवर लिहायचा असतो.

म्हणून लॉग मशीनच्या बाहेर काढा. सर्व्हरवर कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारं नेटकॉन्सोल मॉड्यूल लावा आणि काट्याच्या पीसीवर नेटकॅटने यूडीपी पोर्ट ६६६६ ऐकत ठेवा. कन्सोलची पातळी ८ करा, नाहीतर पुढची अर्धी माहिती येणारच नाही. शिवाय रूटचं एक टर्मिनल सकाळपासूनच उघडं ठेवा. अडकलं की त्यातून प्रॉक-सिसआरक्यू-ट्रिगर या कर्नलच्या फाइलमध्ये 'डब्ल्यू' हे अक्षर एको करा. एको शेलच्या आतलीच कमांड आहे, तिला डिस्कवरून काही वाचावं लागत नाही, त्यामुळे ती तेव्हाही चालते. अडकलेली प्रत्येक प्रोसेस कोणत्या फंक्शनमध्ये थांबली आहे ते दिसेल.

काटाघर_राळेगाव

मिळालं. 'बीटीआरएफएस-ट्रान्झॅक्टी' १२० सेकंदांपेक्षा जास्त अडकल्याची ओळ आहे. त्याखाली बीटीआरएफएस-क्लीनर, पोस्टग्रेसचा चेकपॉइंटर आणि बाकीचे सगळे. नाव अर्धवटच छापलंय.

उत्तर : कर्नलवाला

नाव बरोबर आहे. कर्नल प्रोसेसचं नाव १५ अक्षरांवर कापतो. आता खरेदीच्या सगळ्यात मोठ्या टेबलच्या १ जीबीच्या एका फाइलवर फाइलफ्रॅग (फाइलचे तुकडे मोजणारी कमांड) चालवा.

काटाघर_राळेगाव

८४,००० एक्स्टेंट दाखवतो. कॉम्प्रेशन बंद आहे.

उत्तर : कर्नलवाला

म्हणजे सरासरी साडेबारा केबीचा एक तुकडा. बीटीआरएफएस जुन्या जागेवर लिहीत नाही, प्रत्येक वेळी नवी जागा घेतो. पोस्टग्रेस मात्र ८ केबीची पानं कुठेही, पुन्हा पुन्हा लिहितो. त्यावर दर तासाचा स्नॅपशॉट. जुना स्नॅपशॉट काढताना क्लीनरला हे सगळे तुकडे मोजावे लागतात, आणि कोटा चालू असला की तो हिशोब कैकपट वाढतो. त्याच वेळी चेकपॉइंटरचा एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर उतरवण्याची मागणी) येतो आणि सगळे एका ट्रान्झॅक्शनमागे उभे राहतात. कोटा आजच बंद करा, चालू कामात बंद होतो.

खरा उपाय म्हणजे डेटाबेस इथून हलवणे. चॅटर +सी (जुन्याच जागी लिहायला लावणारी खूण) हा उपाय लोक सुचवतात. पण तो रिकाम्या डिरेक्टरीवर लावून फाइली नव्याने कॉपी केल्या तरच लागतो, आणि स्नॅपशॉट झाला की पुढचं पहिलं लिहिणं पुन्हा नव्या जागीच जातं. वर चेकसमही (डेटा बिघडला का ते ओळखणारा आकडा) जातो, मग रेड-१ मधली कोणती प्रत खरी हे फाइलसिस्टिमला कळत नाही. माझं मत स्पष्ट आहे: दोन वेगळ्या एसएसडी, त्यांचं एमडीचं (लिनक्सचं स्वतःचं) रेड-१, त्यावर एक्सएफएस फाइलसिस्टिम. काटा बंद झाल्यावर आधी पीजी-डंपऑलने पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, पोस्टग्रेस थांबवा, आरसिंकने डिरेक्टरी हलवा, परवानगी ७०० ठेवा, कॉन्फिगमध्ये डेटा-डिरेक्टरी बदला. थांबलेलाच आहे तोवर पीजी-चेकसम्सने चेकसमही चालू करून घ्या.

उत्तर : डिस्क_तपासणी

हलवण्याआधी जुन्या डिस्कचं स्मार्ट (डिस्कचा स्वतःचा तब्येतीचा अहवाल) पाहा. त्यातला १९७ क्रमांक शून्याच्या वर असेल तर सेक्टर जात आहेत, आधी डेटा काढा. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, डेटा केबल बदला. १९४ हे तापमान. जिनिंगमध्ये कॅबिनेटच्या जाळीवर तूस बसतं आणि हवा बंद होते.

नव्या एसएसडीला लाइन गेल्यावर कॅश वाचवणारे कपॅसिटर हवेत. तुमच्याकडे लाइन जाते, तेव्हा हे टाळू नका. जुन्या डिस्कवर पीजी-टेस्ट-एफसिंकही चालवा, सेकंदाला किती वेळा लिहिलेलं डिस्कवर उतरतं ते तो मोजतो. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे. आकडा हजारात आला, तर डिस्क डेटा कॅशमध्ये ठेवूनच 'लिहिला' म्हणते आहे, आणि बटण दाबून बंद केल्यावर तोच डेटा जातो.

बीटीआरएफएस चेक चालवायचाच तर अनमाउंट करून आणि फक्त वाचण्यापुरता. रिपेअर लावू नका, त्याने बरी फाइलसिस्टिमही मोडू शकते.

उत्तर : कर्नलवाला

डेटाबेस हलला की जुने स्नॅपशॉट एकदम उडवू नका, क्लीनर पुन्हा तसाच अडकेल. काटा बंद असताना एकेक काढा आणि बीटीआरएफएस सबव्हॉल्यूम सिंक (काढलेला स्नॅपशॉट पूर्ण साफ होईपर्यंत थांबणारी कमांड) संपल्याशिवाय पुढच्याला हात लावू नका.