सिग्नल सुटला, गाडी हलेना (ग्रुपवरची चर्चा)

वैशाली, ए ३०२: नाशिकमध्ये द्वारका, मुंबई नाका, सीबीएस, कुठेही बघा. सिग्नल सुटतो, एखादी गाडी जागची हलत नाही आणि पाच सेकंदांत मागे हॉर्नचा बँड सुरू. त्यात गाडी बाई चालवत असेल तर "येत नाही तर आणता कशाला" हेही ऐकावं लागतं. आतल्या माणसाने करायचं काय?

कुलकर्णी काका, बी १०४: मागच्याला आपण फोनवर आहोत की गाडी बंद पडलीय, हेच कळत नाही. नुसत्या हजार्डचा उपयोग शून्य. आपल्याकडे चारही इंडिकेटर लावून लोक चौकात सरळ जातात, वडापावला थांबतात, पाऊस आला तरी तेच. म्हणून हजार्ड लावाच, पण सोबत डिकीही उघडी टाका. बॉनेट फक्त पुढच्याला दिसतं, डिकी मागच्याला दिसते. ती वर गेली की हॉर्न बरेच कमी होतात आणि लोक बाजूने काढायला लागतात.

प्रतीक, सी ४०१: बॅटरी ठार गेली असेल तर बटणावरची डिकी उघडणारच नाही काका.

कुलकर्णी काका, बी १०४: बरोबर. मग आरशात बघून उतरायचं आणि हाताने "पुढे जा" खूण करायची. काच बंद करून आत बसून राहिलं की लोक जास्त चिडतात.

वैशाली, ए ३०२: आणि धक्का मारायला येतात त्यांचं काय? बहुतेक वेळा रिक्षावालेच पहिले धावतात, ते खरंच.

शेख भाई, सी २०१: ताई, भांडण तिथेच होतं. चार जण जोर लावतात, गाडी ढिम्म, आणि म्हणतात "मॅडम ब्रेक सोडा". ब्रेक सुटलेलाच असतो, गाडी गिअरमध्ये अडकलेली असते. एएमटी गाडी (क्लच पेडल नसते, गिअर मोटर बदलते) गिअरमध्ये असताना बॅटरी पूर्ण गेली तर लिव्हर एनवर (न्यूट्रल) आणूनही आतला गिअर सुटत नाही, कारण तो सोडणारी मोटर विजेवर चालते. तिला आधी जम्प, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट, द्यावा लागतो. ऑटोमॅटिक पीमध्ये (पार्किंग) अडकली असेल तर बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी एक छोटं झाकण असतं. ते काढून आत स्क्रूड्रायव्हर दाबायचा, ब्रेक दाबून ठेवायचा आणि लिव्हर एनवर घ्यायचा. इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर बॅटरीशिवाय तो सुटत नाही, तेव्हा धक्क्याचा विषयच संपला. मदतीला आलेल्यांना हे पहिल्या वाक्यात सांगा: "दादा, ऑटोमॅटिक आहे, गिअर अडकलाय." मग कोणी ओरडत नाही, उलट ट्रॅफिक वळवायला उभे राहतात.

शेख भाई, सी २०१: मॅन्युअल असेल तर सोपं. न्यूट्रल, हँडब्रेक खाली, चावी ऑनवर. चावी काढली की स्टिअरिंग लॉक होतं आणि गाडी वळत नाही. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं. लागतो, पण पूर्ण ताकद द्यावी लागते. म्हणून धक्का चालण्याच्या वेगापेक्षा जास्त नको. हात डिकीच्या पत्र्यावर, दिव्यांच्या बाजूला. काचेवर, स्पॉयलरवर, बंपरच्या प्लास्टिकवर नाही. चढावर धक्का मारूच नका, चाकामागे दगड लावा.

प्रतीक, सी ४०१: दुसऱ्या गिअरवर धक्का स्टार्ट?

शेख भाई, सी २०१: मॅन्युअललाच. क्लच दाबून दुसरा गिअर, वेग आला की क्लच झटकन सोडून लगेच परत दाबायचा. डॅशबोर्डचे दिवेच लागत नसतील तर मात्र घाम वाया. आणि त्याआधी बॅटरीचं टर्मिनल हाताने हलवून बघा. नुसती टकटक आणि स्टार्टर फिरत नाही, यात सैल किंवा पांढरा-हिरवा थर चढलेलं टर्मिनल बऱ्याचदा निघतं.

मोरे वहिनी, बी ३०३: कोणीतरी येतं आणि परस्पर बॉनेट उघडून वायरी ओढायला लागतं, त्याला काय म्हणायचं?

शेख भाई, सी २०१: "भाऊ, मेकॅनिक निघालाय", बस. वाफ येत असेल तर रेडिएटरच्या झाकणाला हातही लावू देऊ नका, किमान अर्धा तास. भुयारी मार्गात पाण्यात बंद पडली तर "एकदा मारून बघा" म्हणणारे दहा भेटतील. सेल्फ मारायचाच नाही. पाणी इंजिनच्या सिलिंडरमध्ये गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

कुलकर्णी काका, बी १०४: "बॉनेटमधून तेल गळतंय" असं कोणी काचेवर टकटक करून सांगितलं तर उतरताना गाडी लॉक करा. लक्ष बॉनेटकडे आणि बॅग मागच्या दारातून गायब, हा जुना डाव आहे.

मोरे वहिनी, बी ३०३: पोलीस दंड लावतात का?

कुलकर्णी काका, बी १०४: मोटार वाहन कायद्याचं कलम २०१. रस्ता अडवला तर ५०० रुपयांपर्यंत. पण गाडी अचानक बिघडली असेल आणि हलवण्याचं काम चालू असेल तर हा दंड लागत नाही, हे त्याच कलमात आहे. टोइंगला केलेला फोन दाखवा, आवाज चढवू नका. राष्ट्रीय महामार्गाच्या उड्डाणपुलावर बंद पडली तर १०३३ या हेल्पलाइनला फोन करा. तिथे गाडीत बसू नका, धोक्याचा लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि स्वतः गाडीपासून लांब, कठड्याला लागून उभे राहा.

प्रतीक, सी ४०१: सिंहस्थाच्या कामांनी रस्ते आधीच अरुंद झालेत, त्रिकोण ठेवायला जागा असली तर!

सेक्रेटरी, ए १०१: जम्पर केबल सोसायटीत एक ठेवूया का?

शेख भाई, सी २०१: ठेवा, पण तांब्याची, २५ चौरस मिलिमीटर, तीन मीटर. बाजारात जाड रबर आणि आत केसाएवढी तार असते, सेल्फ मारला की गरम होते. लावताना लाल आधी बंद गाडीच्या प्लसला, मग चालू गाडीच्या प्लसला. काळी चालू गाडीच्या मायनसला, शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या पत्र्याला, बॅटरीपासून लांब. चालू गाडीचं इंजिन जागेवर पाच मिनिटं सुरू ठेवून मग बंद गाडीला सेल्फ. काढताना उलट क्रम.

सेक्रेटरी, ए १०१: वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवतो, वहीत सही करून न्या. मागच्या वेळचा हवेचा पंप कोणाकडे आहे?

प्रतीक, सी ४०१: आणतो उद्या.