मदत हवी आहे: ब्रिटिश नागरिकत्व सोडून पुन्हा भारतीय व्हायचंय (देवगड)

खाडीपलीकडे:
काका मूळ देवगड तालुक्यातले. २०११ मध्ये ब्रिटिश नागरिक झाले, तेव्हाच भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घेतलं. ओसीआय कार्ड (परदेशी पासपोर्टवर भारतात कायम येऊ-राहू देणारं) मात्र २०२२ चं. काकू जन्माने ब्रिटिश, लग्नामुळे तिलाही २०२२ मध्येच ओसीआय मिळालं. आता दोघं कायमची गावच्या घरी राहायला आली आहेत. शेजारची हापूसची बाग विकायला निघाली आहे, ती काकांना घ्यायची आहे. शिवाय ग्रामपंचायतीला मतही द्यायचं आहे. एजंट म्हणतो, ओसीआयला पाच वर्षं झाल्याशिवाय अर्जच होत नाही. हे खरं का? ब्रिटिश पासपोर्ट आत्ताच रद्द करावा का? आणि काकूचं काय?

ओरोसफाटा:
एजंटाने काकूचा नियम काकांना लावलाय.

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ५(१) मध्ये वेगवेगळी पोटकलमं आहेत. पाच वर्षं ओसीआय अधिक १२ महिने भारतात वास्तव्य, हे (जी). पण जो स्वतः किंवा ज्याचे आई-वडील यांपैकी एकजण पूर्वी स्वतंत्र भारताचा नागरिक होता, त्याच्यासाठी (एफ) आहे. त्यात ओसीआयच्या वर्षांची अटच नाही, अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने भारतात वास्तव्य पुरतं. काका (एफ) खाली बसतात. फक्त ५(३) वाचून ठेवा: ज्याचं भारतीय नागरिकत्व एकदा गेलंय त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या आदेशानेच होते. म्हणजे पात्र असणं वेगळं आणि मिळणं वेगळं.

काकूला ५(१)(सी), म्हणजे भारतीय नागरिकाशी लग्न, हा रस्ता लांबचा आहे. त्यासाठी नवरा आधी नागरिक हवा. शिवाय सात वर्षांचं वास्तव्य लागतं: शेवटचे १२ महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षं. तिला (जी) सोयीचं. २०२७ मध्ये कार्डाला पाच वर्षं होतील, तोवर १२ महिन्यांचं वास्तव्यही भरेल. दोघांचे अर्ज एकत्र करायच्या नादात काकांचा अर्ज अडकवू नका.

खाडीपलीकडे:
मोठा गुंता सुटला. पण मे-जूनमध्ये नातीसाठी सहा आठवडे लंडनला जायचं घाटतंय.

ओरोसफाटा:
मग १२ महिने मोडतात. विशेष परिस्थितीत सरकार खंड माफ करू शकतं, पण सगळे खंड मिळून जास्तीत जास्त ३० दिवस, आणि तेही कारण लेखी नोंदवून. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, माफीच्या मर्यादेबाहेर. नातीला इकडे बोलवा, आंब्याचा सीझनच आहे.

वास्तव्याचा पुरावा आत्तापासून जमवा. ओसीआयधारकाला परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करावी लागत नाही. त्यामुळे हातात फक्त विमानतळाचा शिक्का राहतो, आणि मधले महिने काका कुठे होते ते त्यातून कळत नाही. घरपट्टीची पावती, महावितरणची बिलं, बँकेचं पासबुक, रहिवासी दाखला, हे काकांच्या नावाचं हवं. कोकणात घर बहुतेक वेळा आजोबांच्या नावावर आणि मीटर चुलत्याच्या, तिथे पंचाईत होते.

दुसरी अडचण नावाची. जुन्या भारतीय पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये असतं, ब्रिटिश पासपोर्टवर ते गळलेलं असतं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनाव वेगळं, जन्मस्थळ एकीकडे मुंबई तर दुसरीकडे गाव. ही सगळी कागदपत्रं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. सरेंडर सर्टिफिकेट आणि रद्द झालेला भारतीय पासपोर्ट हाच काकांच्या पूर्वीच्या नागरिकत्वाचा पुरावा, तो जपा.

अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. त्याची छापील प्रत आणि कागदपत्रं ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायची. पोलीस चौकशी होऊन अहवाल राज्याच्या गृह विभागामार्फत दिल्लीला जातो. फाइल नंबर लिहून ठेवा, पाठपुरावा त्यावरच होतो. काही महिन्यांत होईल या हिशेबाने कुठलाही व्यवहार ठरवू नका.

बंदरावरचा:
काकांक सांगा, पासपोर्ट आधी सोडू नकात. ओसीआय परदेशी पासपोर्टावर उभं असतं. पासपोर्ट गेला की तेही गेलं, आणि अर्ज लांबला तर माणूस अधांतरी राहतो. मंजुरीचं पत्र येतं, त्यानंतर ब्रिटिश सरकारकडे आरएन फॉर्म भरून नागरिकत्व सोडायचं. त्यांच्या कायद्यात सहा महिन्यांची तरतूद आहे: सोडल्याची नोंद झाल्यापासून तेवढ्या काळात दुसरं नागरिकत्व मिळालं नाही, तर सोडलंच नव्हतं असं धरतात. म्हणून सोडल्याच्या नोंदीचा कागद आला की लगेच इकडे जमा करा आणि निष्ठेची शपथ घेऊन टाका. या मधल्या काळात परदेश प्रवास नको.

ब्रिटिश सरकारी पेन्शनची काळजी नको. ते तिकडे भरलेल्या वर्गणीवर ठरतं, नागरिकत्वावर नाही. भारतात राहणाऱ्याला दरवर्षीची वाढ मिळत नाही, पण ती आत्ताही मिळत नाहीच.

सातबारा_आठअ:
बागेबद्दल. ओसीआय असताना शेतजमीन, फार्महाऊस, बागायत विकत घेता येत नाही, वारसाने मात्र येते. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण नागरिक झालं की बाग घेता येईल असं नाही. महाराष्ट्रात कूळकायद्याचं कलम ६३ आहे: जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन विकता येत नाही. लंडनहून आलेल्यालाही तेच आणि दादरहून आलेल्यालाही तेच.

म्हणून आजोबांच्या जमिनीवर काकांची वारस नोंद झाली आहे का ते आज बघा. फेरफार झालेला नसेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन तलाठ्याकडे अर्ज करा. सातबारावर वीस सामाईक नावं असली तरी चालेल, त्यात काकांचं हवं. हे काम नागरिकत्वासाठी थांबवायची गरज नाही. आणि शेजाऱ्याला आत्ता बयाणा देऊन दुसऱ्याच्या नावावर बाग घ्यायचा उद्योग करू नका, बेनामी ठरेल.

खाडीपलीकडे:
वारस नोंद नाहीच झालेली. उद्याच जातो. मतदानाचं?

ओरोसफाटा:
नागरिकत्व नोंदणीचं प्रमाणपत्र हातात आल्यावर मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरा. विधानसभेच्या यादीवरूनच ग्रामपंचायतीची यादी होते, आणि त्या यादीत नाव असेल तरच ग्रामसभेत हात वर करता येतो. नुसतं गावात घर आहे म्हणून नाव लागत नाही, राहणं तिथलं हवं.

पण त्याआधी एक तपासा. काकांचं नाव २०११ च्या आधीपासून गावच्या मतदार यादीत पडून आहे का? असेल तर फॉर्म ७ भरून काढून घ्या. परदेशी नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारतीय नागरिकत्व कलम ९ ने आपोआप संपलं, मग यादीतलं नाव बेकायदा. मधल्या काळात त्यावर कुणी मत दिलं असेल तर पोलीस चौकशीत तेच पुढे येईल. आणि अर्जात अशी गोष्ट लपवली तर कलम १० खाली मिळालेलं नागरिकत्वही काढून घेता येतं.

त्याच कलमात आणखी एक अट आहे, ती लेकीकडे राहायला जाणाऱ्यांनी वाचावी: नोंदणीने नागरिक झालेला माणूस सलग सात वर्षं परदेशात राहिला आणि नागरिकत्व टिकवण्याचा इरादा दरवर्षी भारतीय वकिलातीत नोंदवला नाही, तर ते जाऊ शकतं. जन्माने नागरिक असलेल्याला हे लागू नाही.

ताळेबंद:
कर नागरिकत्वावर नाही, वास्तव्यावर ठरतो. म्हणजे वर्षात १८२ दिवस इथे राहिले की काका आत्ताही निवासी. पूर्ण निवासी झाल्यावर लंडनची खाती आणि तिथलं घर विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. ठेवायला बंदी नाही, लपवलं तर काळ्या पैशाच्या कायद्याने १० लाखांचा दंड होऊ शकतो. एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर बँकेला कळवून बदलून घ्या.

खाडीपलीकडे:
यादी पाहिली. काकांचं नाव आहे, फोटोसकट. फॉर्म ७ कोणाकडे द्यायचा?

ओरोसफाटा:
तुमच्या भागाच्या बीएलओकडे (मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी), नाहीतर देवगड तहसीलच्या निवडणूक शाखेत. पोचपावती घ्या आणि नागरिकत्वाच्या फाइलमध्ये लावा.