प्रेसमडचा ढीग दोन महिने झाले तरी गरमच, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, साखर कारखान्याचा प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारी मळी) चार ट्रॉल्या आणून बांधावर ढीग लावलाय, त्याला दोन महिने होत आले पण आत हात घातला की अजून चटका बसतो आणि आंबूस वास येतो. थर देताना पाचटाची कुट्टी, शेणकाला, सुपर फॉस्फेट आणि ट्रायकोडर्मा (कुजवणारी बुरशी) टाकलेलं. पलटी मात्र दोनदाच मारली, मजूर मिळत नाहीत आणि जेसीबीचं भाडं परवडत नाही. ओलावा ठीक वाटतोय, मूठ दाबली की लाडू होतो, पाणी गळत नाही. ढीग साधारण पाच फूट उंच आहे, वर ताडपत्री घट्ट झाकलेली (आता वाटतंय तिथेच हवा कोंडली असावी).

परवा कुंडीत हेच खत अर्धं आणि माती अर्धी घेऊन मेथी टाकली तर निम्मं बी उगवलंच नाही, त्यामुळे शेतात टाकायची भीती वाटतेय. त्यात ट्रॉलीवाला म्हणाला की कारखान्याने यावर डिस्टिलरीचं स्पेंट वॉश (दारू गाळल्यावर उरणारं सांडपाणी) आधीच मारलंय, म्हणजे पालाश मिळेल पण क्षारही आलेच. माझी जमीन काळी भारी, विहिरीचं पाणी आधीच मचूळ.

जुलैत आडसाली ऊस लावायचाय. गांडूळ सोडायचा विचार होता पण एवढ्या उष्णतेत मरतील म्हणून थांबलोय. ज्यांनी स्पेंट वॉशवालं प्रेसमड वापरलंय त्यांनी सांगा, ढीग उकरून उंची कमी करून परत लावू का, आणि लागणीआधी खताची ईसी (क्षारांचं प्रमाण दाखवणारी विद्युत वाहकता) किती आली तर असल्या जमिनीत एकरी किती टन टाकायचं?