कोथरूडचा फ्लॅट: ९६ लाख (त्यात २० कॅश) की ८८ पूर्ण चेकने?

पौडफाटा: आईबाबांचा कोथरूडचा टू बीएचके विकायला काढलाय. दुसरा मजला, लिफ्ट नाही, बाबांचे गुडघे गेलेत, त्यामुळे नाशिकला ताईच्या सोसायटीत फ्लॅट घेऊन द्यायचाय. दोन ऑफर आल्यात. एक इन्व्हेस्टर, ९६ लाख पण त्यातले २० कॅश. दुसरं नोकरी करणारं जोडपं, ८८, सगळे चेकने पण लोन काढणार. इन्व्हेस्टर बूट न काढता आत आला, रिडेव्हलपमेंटचं कुठवर आलंय एवढंच विचारून पाच मिनिटांत गेला. त्या मुलीने किचनमधला नळ सोडून बघितला, पाणी किती वाजता येतं विचारलं, पावसाळ्यात गॅलरीत कपडे वाळतात का तेही आईला विचारलं. माझं मन ८८ कडे जातंय, एजंट म्हणतो वेडे आहात का. तुम्ही काय केलं असतं?

हिशेबनीस: ९६, डोळे झाकून. आठ लाख म्हणजे बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघेल. घेणारा कपडे कुठे वाळत घालणार याच्याशी आपल्याला काय करायचंय, चावी दिली की विषय संपला. आणि कॅशच्या २० वर नफ्यावरचा साडेबारा टक्के टॅक्स नाही म्हणजे अडीच लाख तेही वाचले. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात हे सर्रास चालतं.

माहेरवाशीण: सर्रास चालतं पण सापडलं की कोण भरतं ते पण सांगा ना. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा जास्त रोख घेतली तर दंड तेवढ्याच रकमेचा, आणि तो रोख घेणाऱ्याला, म्हणजे इथे बाबांना. या वयात नोटीस हातात द्यायची का त्यांच्या? शिवाय वाचवायला टॅक्स आहेच कुठे, विकल्यापासून दोन वर्षांच्या आत नाशिकचं घर घेतलं आणि नफ्याची सगळी रक्कम त्यात घातली तर तो लागतच नाही. आणि ती कॅश ठेवणार कुठे? आमच्या मामांनी २०१६ च्या उन्हाळ्यात प्लॉट विकला, निम्मे पैसे घरात, नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली तेव्हा मामी गव्हाच्या पिंपातून गड्ड्या काढून ताटात मोजत बसलेली मी बघितलीय.

कर्वेनगरकर: कॅश नकोच, पण लोनवाला म्हणजे सेफ असंही समजू नका. आम्हाला पण जोडपं आवडलं म्हणून दोन लाख टोकनवर साठेखत (विक्रीचं ठरल्याचा करार) रजिस्टर करून बसलो, मग घराची किंमत ठरवणारा बँकेचा व्हॅल्युअर आला. आमची गॅलरी बंद करून किचनला जोडलेली, मंजूर नकाशात तसं नाही, लोन नाकारलं. रजिस्टर केलेलं साठेखत रद्द पण रजिस्टर करूनच करावं लागलं, चार महिने त्यात गेले आणि आम्ही घेणार होतो ते घर तोवर दुसऱ्याने घेतलं. बँकेचं लीगल-टेक्निकल, म्हणजे कागदपत्रांची आणि घराची तपासणी, आधी होऊ द्या, लोन मंजुरीचं सँक्शन लेटर बघा, मगच सही. चेन अ‍ॅग्रीमेंट (आधीच्या मालकांपासूनचे सगळे करार), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मंजूर नकाशा, भोगवटापत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आजच काढून ठेवा.

हिशेबनीस: बघा, म्हणजे लोनवाल्याची वाट बघत नाशिकचा फ्लॅट पण जाऊ शकतो. इन्व्हेस्टर पंधरा दिवसांत मोकळं करेल.

पौडफाटा: काल त्याला विचारलं सगळे चेकने द्याल का, तर सरळ ८५ वर आला. जोडप्याला ९० सांगितले, ते ८९ म्हणाले. गॅलरी आमची उघडीच आहे, त्यांच्या बँकेचा माणूस शनिवारी येतोय.

हिशेबनीस: ८५ हा त्याचा शेवटचा आकडा नसतो हो, एजंटला बाजूला ठेवून बोला. आणि रिडेव्हलपमेंटचं खरंच हलत असेल तर आत्ता कुणालाही विकणं म्हणजे घाई आहे, दोन वर्षं थांबा, लिफ्टसकट नवा मोठा फ्लॅट मिळेल.

माहेरवाशीण: सोसायटीची संमती, बिल्डर, मग भाड्याच्या घरात राहणं. दोन वर्षं म्हणता तुम्ही?

पौडफाटा: थांबणार नाही. बाबा रोज दूध आणायला खाली जातात, येताना पहिल्या मजल्याच्या जिन्यात पिशवी बाजूला ठेवून बसतात, मग वरचा जिना चढतात.