पहिल्या महायुद्धातील विमाने मुलांना दाखवताना युद्धाबद्दल काय सांगावे?

थेम्सकाठ:
नमस्कार. शाळेच्या सुटीत आम्ही लंडनमधील हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये कौटुंबिक दिवसासाठी जाणार आहोत. मुलगा दहा वर्षांचा, मुलगी सहा वर्षांची, आणि सोबत पुण्याहून आलेले माझे सासरे असतील. पहिल्या महायुद्धातील विमाने तेथे क्लॉड ग्रॅहम-व्हाइट यांच्या जुन्या विमान कारखान्याच्या वास्तूत मांडली आहेत. अशा दिवशी मुले कागदी विमाने करतात, वैमानिकाचा पोशाख घालून छायाचित्र काढून घेतात, आणि त्या उत्साहात ही यंत्रे माणसे मारण्यासाठी वापरली गेली हे सहज बाजूला पडते. मुलांचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही, पण युद्ध म्हणजे एक खेळ होता अशी समजूत घेऊन ती घरी यावीत असेही वाटत नाही. कोठून सुरुवात करावी?

गिरमिट:
माझ्या मते विमान कशाचे केले आहे, तेथून सुरुवात करावी. लाकडाचा सांगाडा, त्यावर लिननचे कापड, आणि त्या कापडावर ‘डोप’ नावाचे रोगण, जे सुकताना कापड आवळून तबल्याच्या पुडीसारखे ताणून धरते. हेच रोगण झटकन पेट घेते आणि वैमानिकाच्या जवळच पेट्रोलची टाकी असते, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगितले तर पुढचे त्याचे त्यालाच उमगेल. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिले जात नव्हते, हेही त्याला अवश्य सांगा.

सॉपविथ कॅमल या ब्रिटिश लढाऊ विमानाचे इंजिन मात्र सावकाश दाखवा. त्यात मधला दांडा स्थिर असतो आणि सगळे सिलिंडर पंख्यासोबत गरगर फिरतात. एवढे वजन फिरत असल्यामुळे हे विमान उजवीकडे विलक्षण वेगाने वळत असे. लढाईत त्याचा फायदा होई, पण याच ओढीने अनेक शिकाऊ वैमानिकांचे प्राण घेतले. इंजिनाच्या वंगणासाठी एरंडेल वापरत, आणि ते उडून वैमानिकाच्या तोंडावर येई. एरंडेलाचे नाव काढताच आजोबांकडे सांगण्यासारखे पुष्कळ निघेल, आणि पोटावर होणारा त्याचा परिणाम त्या वैमानिकांनाही चुकला नव्हता.

जुनी पाने:
वरील प्रतिसाद मोलाचा आहे, पण केवळ यंत्र पाहून मुलांचे मन विमानात बसलेल्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यासाठी एक नाव सोबत न्यावे. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश हवाई दलाच्या 23व्या स्क्वाड्रनमध्ये (तुकडीत) सॉपविथ डॉल्फिन हे लढाऊ विमान चालवत असत. जून 1918 च्या अखेरीस फ्रान्समध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांची कबर तेथेच, हांगार या गावी आहे. मूळ भाग वापरून पुन्हा उभारलेले एक डॉल्फिन या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ते कोठे ठेवले आहे हे तेथील कर्मचाऱ्यांना जरूर विचारा. या विमानात वैमानिकाचे डोके वरच्या पंखाच्या मधल्या मोकळ्या चौकटीतून बाहेर येई. त्यामुळे त्याला वरचे आकाश स्वच्छ दिसे, पण उतरताना विमान उलटले तर सगळा भार मानेवर येण्याची धास्ती असे. ती चौकट मुलांना बोटाने दाखवा आणि आपल्या मुंबईचा एक तरुण अशाच जागी बसत असे, एवढेच सांगा.

कोलकात्यात जन्मलेले वैमानिक इंद्रलाल रॉय लंडनच्याच सेंट पॉल्स शाळेत शिकले होते. जुलै 1918 मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्यांनी दहा हवाई विजय (शत्रूची विमाने पाडणे किंवा निकामी करणे) मिळवले, आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेला, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ते मारले गेले. दहा हा आकडा सांगताना त्यातील प्रत्येक विमानातही कोणीतरी बसलेले होते, हे न विसरता सांगावे.

थेम्सकाठ:
दोघांचेही मनापासून आभार. मुलाच्या बाबतीत माझी शंका फिटली. सहा वर्षांच्या मुलीला हे सारे ऐकून भीती वाटेल का, एवढीच काळजी उरली आहे.

गिरमिट:
तिच्यासाठी 1914 मधील, युद्धाच्या सुरुवातीच्या महिन्यांपुरतेच बोलावे. तेव्हा विमाने मुख्यतः टेहळणीसाठी उडत. वरून पाहायचे, नकाशावर खुणा करायच्या आणि परत येऊन सांगायचे. पंख्याच्या पात्यांना न लागता त्यांच्यामधून गोळ्या सोडणारी यंत्रणा जर्मनांच्या फोकर विमानांवर आली ती 1915 च्या उन्हाळ्यात. तो भाग मुलासाठी राखून ठेवता येईल.

जुनी पाने:
तिला हरदितसिंग मलिक यांची गोष्ट सांगा. पगडीवर बसेल असे खास मोठे शिरस्त्राण करून घेऊन ते कॅमल चालवत. ऑक्टोबर 1917 मध्ये पायाला गोळी लागून त्यांचे विमान पडले, पण ते वाचले, पुढे स्वतंत्र भारताचे फ्रान्समधील राजदूत झाले आणि 1985 पर्यंत जगले. वेलिणकर आणि रॉय यांची नावे ती थोडी मोठी झाली की सांगता येतील. आजोबा सोबत आहेत, तर वेलिणकरांचे नाव त्यांनीच नातवाला सांगावे असे मला वाटते.