कुत्र्याला चीज दिलं तर चालतं का?

गंगापूररोडकर: आमच्या दीड वर्षाच्या लॅब्रानं काल पोराच्या डब्यातला चीज क्यूब कागदासकट गट्टम केला आणि आता फ्रिजचं दार वाजलं की साहेब शेपटी हलवत हजर. थोडंसं दिलं तर चालेल का? आई म्हणते दूध-पोळी बास.

सिडकोवाली: विषारी नाहीये ओ दादा, पण फॅट आणि मीठ लय. नखाएवढा तुकडा, तोही कधीमधी. वरचा खाऊ दिवसाच्या कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आतच बरा, नाहीतर लॅब्रा फुगायला वेळ लागत नाही. गार्लिकवालं स्प्रेड तर अजिबात नको, लसूण-कांद्यानं त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आणि आईंना सांगा, लॅक्टोज (दुधातली साखर) चीजपेक्षा दुधातच जास्त असतं, वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना ते पचत नाही.

पंचवटीकर: माझा गाढवपणा ऐका. आमच्या पामेरियनला गोचीडतापासाठी डॉक्सीसायक्लिनची (अँटिबायोटिक) गोळी चालू होती, थुंकून टाकायची म्हणून मी रोज चीजमध्ये लपवून द्यायचो, डॉक्टर जाम ओरडले, कॅल्शियममुळे ते औषध नीट शोषलंच जात नाही. बाकी तो कागद पडला का?

गंगापूररोडकर: पडला, सकाळी गोदापार्कला 😄 चांदी चमकत होती